आकडी थांबली, औषध कधी थांबवायचे?

जन्मताना प्राणवायू कमी पडला किंवा रक्तातील साखर फार उतरली, तर नवजात बाळाला आकडी येऊ शकते. फेनोबार्बिटल देऊन ती आवरतात. बहुधा काही दिवसांतच ती ओसरते. मग औषध घरीही महिनोन्‌महिने का द्यायचे? पुढे अपस्मार जडेल, या भीतीने! पण हे औषध वाढत्या मेंदूलाही बाधू शकते.

अमेरिकेतील ९ रुग्णालयांतील ३०३ मुलांची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. औषध लवकर थांबवलेल्या आणि चालू ठेवलेल्या मुलांत अपस्माराचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. दोन वर्षांच्या वयातील विकासही तसाच. म्हणजे औषध आकडी आवरते, पण पुढचा अपस्मार टाळते असे दिसत नाही. म्हणून २०२३ साली जागतिक तज्ज्ञांनी सुचवले : तात्कालिक कारणाची आकडी थांबली, की बाळ घरी जाण्यापूर्वीच डॉक्टरांनी औषध थांबवावे.