पीएचडी झाली, आता पुढं काय?



मागच्या महिन्यात आपल्या कासारसाईत बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत लिहून झालं, चहा आला. तेवढ्यात एक मावशी माझ्याशेजारी सरकून बसल्या. त्यांची भाची पुण्यात पीएचडी करते. मावशी म्हणाल्या, "ताई, पोरगी पाच वर्षं जनुकांचं कायतरी काम करती. दर महिन्याला सरकारचे पैसे यायचे, त्यातून घरीही पाठवायची. आता म्हणती प्रबंध दिला, आणि पैसे बंद. डॉक्टर व्हायच्या वक्ताला पगार बंद कसा होतो? तिचा बाप म्हणतो, झालं तेवढं बास, आता लग्न उरकून टाकू."

मावशींच्या प्रश्नाला चहाच्या कपाएवढ्या वेळात उत्तर देता आलं नाही. म्हणून आजचं बोलणं त्यावरच. ही पोरगी नेमकं काय काम करते, तिला पैसे कुठून येत होते, ते याच वळणावर का थांबतात, आणि आपण घरच्यांनी काय करायचं, हे एकेक करून बघू.

आधी काम समजून घेऊ. आपण मुळशी-मावळातल्या बायका, भातावरून लवकर समजेल. आपल्या खाचरातला इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर आला. तिथल्या लोकांनी आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या दोन जातींचा संकर केला. एकीचा वास हवा होता, दुसरीचा उतारा हवा होता. वास कसा असावा, दाणा केवढा असावा, रोप किती उंच व्हावं, याच्या सूचना बियाण्यातच असतात. त्या सूचनांना जनुकं म्हणतात, आणि सगळ्या सूचनांच्या आख्ख्या पोथीला जीनोम.

माणसाचीही अशी पोथी असते. सुमारे ३०० कोटी अक्षरांची. ती पहिल्यांदा वाचायला जगभरच्या शास्त्रज्ञांना १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं लागली. आता यंत्रं सुधारली आहेत, एका माणसाची पोथी थोड्या दिवसांत वाचून होते. अवघड काम पुढचं आहे. कोणत्या ओळीतल्या फरकानं कोणता आजार होतो, कुणाला कोणतं औषध लागू पडतं, हे शोधायचं. भाची करते ते काम हेच.

आता तुम्ही म्हणाल, ते शोधायला मोठ्या शहरातले हुशार लोक आहेत, आपल्याच पोरी कशाला हव्यात? त्याचं कारण ऐका. जगात आजवर जेवढ्या पोथ्या वाचल्या, त्यातल्या बहुतेक युरोपी वंशाच्या लोकांच्या आहेत. आपल्याकडचे फरक त्यात सापडतच नाहीत. एक उदाहरण सांगते. हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकात पंचवीस अक्षरं गळालेली असतात, आणि त्याचा संबंध हृदय कमजोर होण्याशी आहे, असं २००९ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं. हा फरक भारतीय उपखंडातल्या शंभरातल्या साधारण चार लोकांत आढळतो. युरोपातल्या लोकांत तो जवळजवळ नाहीच. तिथले लोक तो कशाला शोधतील?

आपल्या राज्यात सिकलसेलचा आजार बघा. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी कुटुंबांना तो पिढ्यानपिढ्या माहीत आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली जुलै २०२३ मध्ये. ज्या घरानं हे दुखणं सोसलंय, त्या घरातली मुलगी संशोधक झाली तर कोणता प्रश्न आधी विचारायचा हे तिला शिकवावं लागत नाही. रक्ताचा नमुना मागायला ती वाडीवर गेली तर बायका तिच्याशी मोकळेपणानं बोलतील, आणि त्या रक्ताचं पुढं काय होणार हे ती त्यांना त्यांच्या भाषेत सांगेल.

आपल्या देशानं २०२० साली 'जीनोम इंडिया' नावाचा प्रकल्प हाती घेतला. वीस संस्था त्यात होत्या. पाषाणची आयसर त्यातलीच एक; हिंजवडी ओलांडून बाणेरच्या पुढं गेलं की तिचं फाटक लागतं. ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम वाचून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली केली. म्हणजे वाचायला पोथ्या आल्या आहेत. आता वाचणारे हवेत, आणि तेही सगळ्या घरांतले हवेत.

आता पैशाकडे वळू.

एम.एस्सी. झाल्यावर मुलगी नेट किंवा तशी परीक्षा देते. निवड झाली की फेलोशिप मिळते. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये दर वाढवले, तेव्हापासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. नेटमधून मिळाली नाही तर आपल्या राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. आईबापाची एकुलती एक मुलगी असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची फेलोशिप आहे. या आधारामुळे ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, अशा किती तरी मुली पीएचडीपर्यंत पोचल्या.

पण हे सगळे आधार पीएचडीपर्यंतचे आहेत. नेटची फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं. प्रबंध दिला किंवा पाच वर्षं भरली की बंद. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल येतात, मग तोंडी परीक्षा होते, मग पदवी. त्यात महिने जातात. आणि पदवी हातात आली म्हणून लगेच कायमची नोकरी नसते. या विषयात स्वतःची प्रयोगशाळा मिळण्याआधी दोन ते पाच वर्षं दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत काम करावं लागतं. त्याला पोस्टडॉक म्हणतात. गवंडी हाताखाली शिकतो, मग दुसऱ्या मिस्त्रीबरोबर चार घरं बांधतो, आणि मग स्वतःचं काम घेतो, तसंच हे.

या पोस्टडॉकलाही पैसे असतात, आणि बरे असतात. केंद्राच्या प्रकल्पांत रिसर्च असोसिएटला महिना ५८,००० ते ६७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पण त्याची जाहिरात वेगळी, अर्ज वेगळा, आणि निवडीलाही काही महिने. म्हणजे एक पैसा थांबला आणि दुसरा सुरू व्हायचा आहे. मधल्या महिन्यांना कुणी वाली नाही.

आपण भाताचं रोप उपटतो, मुठी बांधतो, बांधावर ठेवतो. खाचरात पाणी असलं तर त्याच दिवशी लावणी होते. पाणी नसलं तर रोप एक दिवस धरतं, दोन दिवस धरतं, मग पिवळं पडतं. त्यात रोपाचा दोष काय? शहरातल्या नोकरदार घरातली मुलगी हे सहा-आठ महिने आईवडिलांच्या पैशावर काढते. आपल्याकडच्या मुलीला घरून विचारणा सुरू होते. ती मिळेल ती नोकरी धरते, नाहीतर लग्न होतं. पाच वर्षांची मेहनत तिथंच थांबते, आणि वाचणाऱ्यांमध्ये पुन्हा ठरावीक घरांतलेच लोक उरतात.

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं यावर एक तोडगा काढला होता. ज्या समाजांतले लोक संशोधनात कमी आहेत, त्यांच्यातल्या जीनोम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एकाच मंजुरीत दोन्हीचे पैसे द्यायचे: पीएचडीचं शेवटचं वर्ष-दोन वर्षं, आणि त्याला जोडून पोस्टडॉकची काही वर्षं. मधे खंड नाही. पुढं २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं विविधतेसाठीच्या अनेक योजना आवरत्या घेतल्या. म्हणजे मिळालेली सोयही कायमची असते असं नाही. पण तोडगा बरोबर होता, आणि आपल्या राज्याच्या संस्थांकडे तसाच मागता येईल: पीएचडीची फेलोशिप देता, तर पुढची सहा-आठ महिन्यांची सोयही तिलाच जोडून द्या.

पैशानं काय फरक पडतो हे आपल्या कमलाबाई सोहोनींकडे बघून कळतं. त्या माहेरच्या भागवत. १९३३ साली त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष बघू, या अटीवर घेतलं. पण हट्टावर बोटीचं तिकीट निघत नाही. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या म्हणून त्या केंब्रिजला पोचल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी झाल्या. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय बाई. परत आल्यावर त्यांनी नीरेतल्या पोषणावर काम केलं, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना तिचा उपयोग होतो हे दाखवलं. बुद्धी होती, जिद्द होती, आणि वेळेवर पैसा मिळाला. तिन्ही लागतात.

मग आज आपल्या भाचीनं काय करायचं?

पहिली गोष्ट, प्रबंध देण्याच्या एक वर्ष आधी अर्जांना लागायचं. पदवी हातात येईपर्यंत थांबायचं नाही. केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची आहे. प्रबंध दिलेला आणि पदवीची वाट बघणारा उमेदवारही तिला अर्ज करू शकतो. पदवी येईपर्यंत रक्कम थोडी कमी मिळते एवढंच. वयाची अट पस्तीस आहे, पण बायकांना आणि मागासवर्गीयांना पाच वर्षांची सूट आहे.

दुसरी, 'इंडिया अलायन्स'ची फेलोशिप. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून ती देतात. आजवरच्या फेऱ्यांत पीएचडीच्या शेवटच्या वर्षातच तिला अर्ज करता येत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये या योजनेच्या नव्या टप्प्याला मंजुरी मिळाली, १,५०० कोटी रुपयांची. त्यातले १,००० कोटी आपल्या सरकारचे.

तिसरी, बायकांसाठीच्या योजना. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-किरण' आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची 'बायोकेअर' आहे. लग्नामुळे, बाळंतपणामुळे कामात खंड पडलेल्यांनाही परत येता यावं म्हणून त्या काढल्या आहेत. म्हणजे लग्न झालं म्हणून दार बंद झालं असं समजायचं कारण नाही.

चौथी, आदिवासी मुलामुलींसाठी परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. तिच्यात पोस्टडॉकही बसतं. वर्षाला जागा वीसच, पण त्यातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींसाठी राखून आहेत. आपल्या भागातला कातकरी समाज त्यात येतो. पलीकडच्या वाडीवर कुणी पोरगी बारावीला असेल, तर तिच्या कानावर हे आजच घाला.

आणि अजून पीएचडी चालू असलेल्यांनी एक नियम लक्षात ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी करणाऱ्या बाईला बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, आणि प्रबंध पुरा करायला दोन वर्षं जास्तीची सवलत आहे. हे गाइडला विचारायला लाजू नका.

आता घरच्यांचं काम. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, रहिवासी दाखला, हे कागद घरूनच निघतात. मुलगी प्रयोगशाळेत रात्रीचा दिवस करत असते, तिला तहसीलच्या खेपा घालायला वेळ नसतो. नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपली आणि जाहिरात निघाली, म्हणजे वर्ष गेलं. मुदती आधीच बघून ठेवा.

आणि गटाचं काम. आपण शेळीसाठी, बियाण्यासाठी, पोराच्या ॲडमिशनसाठी अंतर्गत कर्ज देतो. मग या रिकाम्या महिन्यांसाठी का नाही? ज्या मुलीनं प्रबंध दिलाय आणि अर्ज केलेत, तिला सहा महिने खोलीभाडं आणि खाणावळ भागेल एवढं कर्ज, आणि फेलोशिप सुरू झाली की हप्ते सुरू. पाच वर्षं जी महिन्याला चाळीस हजारांचं काम करत होती, ती फेड करणार नाही का? ठरावात लिहून घ्या, सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे बोलणं राहत नाही.

परवा मावशी पुन्हा भेटल्या. भाचीचे दोन अर्ज गेलेत, उत्तर यायचंय. बाप अजून लग्नाचंच बोलतो, पण मावशींनी त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. आणि हप्त्याच्या वहीच्या मागच्या पानावर पोरीच्या अर्जांच्या तारखा लिहून घेतल्यात. म्हणाल्या, "हप्ता चुकू देत नाही, मग हे कसं चुकू देईन?"

तुमच्याही गटात अशी एखादी मुलगी असेल, तर पुढच्या बैठकीत तिचं नाव काढा.