टेकडीवरचा पांढरा घोडा

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर काउंटीत अफिंग्टन नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथल्या चर्चचा मनोरा चक्क अष्टकोनी आहे. पण गावात आलेल्या पाहुण्याची नजर आधी जाते ती दक्षिणेकडच्या टेकडीवर. कारण त्या हिरव्यागार टेकडीवर एक पांढराशुभ्र घोडा दौडतोय! नाकापासून शेपटीपर्यंत तब्बल ११० मीटर लांब. चारपाच वळणदार रेघांत अख्खा घोडा उभा केलाय. दोन पाय तर अंगाला जोडलेलेसुद्धा नाहीत, तरी तो पळतोय हे लगेच कळतं. काय हात असेल त्या चित्रकाराचा!

हा घोडा रंगवलेला नाही बरं का. टेकडीवर चर खणून त्यांत कुटलेला खडू ठासून भरलाय. खडू आणायला लांब जावं लागत नाही, ती टेकडीच खडूची आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म शेवाळांची कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचाच हा मऊ, पांढरा दगड बनला. आपला सह्याद्री त्यानंतरचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. म्हणून गवत खरवडलं, तर तिथे खाली पांढरा दगड लागतो आणि इथे काळा.

हा घोडा काढला कधी? राजा आल्फ्रेडने ८७१ साली लढाई जिंकली, तिची ही आठवण, असं लोक पूर्वी सांगायचे. पण १९९०च्या दशकात शास्त्रज्ञांनी घोड्याच्या थरांमधली माती तपासली आणि उत्तर आलं, सुमारे ३,००० वर्षं!

मातीला वय कसं विचारायचं? मातीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात. आसपासच्या मातीतून अगदी थोडा किरणोत्सर्ग सतत येत असतो. त्यामुळे कणांतले काही इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतात आणि स्फटिकातल्या बारीकसारीक दोषांमध्ये अडकून बसतात. कणावर ऊन पडलं की ते सुटतात आणि पाटी पुसल्यासारखा कण पुन्हा कोरा होतो. पण कण जमिनीखाली गाडला गेला, तर अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या वर्षानुवर्षं वाढत राहते. म्हणून ही माती उजेड लागू न देता काढतात. प्रयोगशाळेत तिच्यावर प्रकाश सोडला, की कण स्वतः मंद चमकतात. कण किती चमकले आणि दरवर्षी त्यांना किती किरणोत्सर्ग मिळत होता, यावरून ते किती काळ अंधारात होते याचं गणित मांडता येतं.

मला मात्र याहून मोठं नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. असा घोडा काही वर्षं तसाच सोडला, तर कडेचं गवत आत सरकतं आणि चित्र बुजून जातं. म्हणजे इतकी शतकं कुणी ना कुणी त्याची साफसफाई करतच आलंय! राजे बदलले, भाषा बदलली, धर्म बदलला, पण हे काम थांबलं नाही. पूर्वी या सफाईच्या वेळी टेकडीवर जत्रा भरायची, शर्यती लागायच्या. १८५७च्या जत्रेवर तर टॉमस ह्यूज या अफिंग्टनमध्येच जन्मलेल्या लेखकाने पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून घोडा झाकून टाकला होता. युद्ध संपल्यावर तो पुन्हा मोकळा केला. आजही स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून, हातोड्यांनी ताजा खडू ठोकून बसवतात. त्यांत लहान मुलंही असतात.

घोड्याच्या खालीच ड्रॅगन हिल नावाची सपाट माथ्याची टेकडी आहे. तिच्यावर एके ठिकाणी गवत उगवत नाही. सेंट जॉर्जने मारलेल्या ड्रॅगनचं रक्त तिथे सांडलं, असं गावकरी सांगतात. शेजारच्या किंग्स्टन लाइल गावात भोकं असलेला एक दगड आहे. नीट फुंकता आला, तर तो मोठ्याने घुमतो.

हा घोडा जमिनीवरून पुरता दिसत नाही, आकाशातूनच छान दिसतो. तेव्हा आईबाबांच्या मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडा, अफिंग्टन शोधा आणि गावाच्या दक्षिणेला सरकत जा. सापडला की त्याचे तुटक पाय नक्की मोजा!