शिक्षक संघटना आणि शैक्षणिक समता

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम महसूल विभागात तिरुप्पनंदाळ हे गाव आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा भाग भातशेतीचा असून १८५५ पर्यंत तंजावरच्या भोसले घराण्याच्या नावाशी जोडलेला होता. येथील काशी मठ हे तमिळ व शैव विद्येचे जुने केंद्र होय. विद्येची परंपरा एवढी समृद्ध असली, तरी देशातील इतर भागांप्रमाणे येथेही जुन्या काळी विद्येची दारे सर्व जातींना सारखी उघडी नव्हती. शेतमजुराच्या मुलाला वर्गात बसण्याचा अधिकार मिळाला तो आधुनिक सार्वजनिक शाळेमुळे. तिरुप्पनंदाळ हे आज पंचायत युनियनचे, म्हणजे महाराष्ट्रातील पंचायत समितीशी तुलना करता येईल अशा गटाचे, ठिकाण आहे. खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळा अशा गटाच्या पातळीवरच चालतात आणि शिक्षक संघटनांचे कामही बहुधा याच पातळीवर उभे राहते.

शिक्षक संघटना म्हटले की वेतन, निवृत्तिवेतन, बदल्या आणि संप हेच विषय डोळ्यांपुढे येतात. शैक्षणिक समता व समावेशन या उद्दिष्टांशी या संघटनांचा संबंध काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शिक्षकाचा हक्क आणि बालकाचा हक्क हे नेहमी परस्परविरोधी असतात काय? ते कोठे एकत्र येतात आणि कोठे वेगळे होतात? कुंभकोणम परिसर, तमिळनाडू व महाराष्ट्र येथील अनुभवांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

समता व समावेशन : संकल्पना आणि चौकट

सर्वांना सारखीच वागणूक देणे म्हणजे समानता; ज्याला जे कमी आहे ते अधिक देऊन सर्वांना समान पातळीवर आणणे म्हणजे समता. समावेशन म्हणजे अपंगत्व, जात, भाषा, लिंग किंवा दारिद्र्य यांमुळे कोणतेही मूल सर्वसाधारण शाळेबाहेर राहू नये अशी व्यवस्था.

२००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयोगटातील बालकांचा शिक्षणाचा हक्क अनुच्छेद २१-क अन्वये मूलभूत ठरला. त्याची अंमलबजावणी करणारा २००९ चा शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या परिशिष्टानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेतही किमान २ शिक्षक असणे बंधनकारक आहे. कलम २७ नुसार जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांवर शिक्षकांची नेमणूक करता येत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१६ च्या कायद्याने समावेशक शिक्षणाची जबाबदारी शासनावर व शाळांवर टाकली.

या तरतुदी बारकाईने पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. बालकाचा हक्क म्हणून लिहिलेल्या यांपैकी बहुतेक तरतुदी प्रत्यक्षात शिक्षकाच्या पदाशी, त्याच्या वेळेशी व त्याच्या प्रशिक्षणाशी निगडित आहेत. मंजूर पद रिक्त राहिले तर पहिला तोटा होतो तो शिकवणी लावू न शकणाऱ्या मुलाचा. म्हणूनच रिक्त पदे भरण्याची किंवा अशैक्षणिक कामे कमी करण्याची संघटनेची मागणी ही सेवाविषयक असतानाच समतेचीही मागणी ठरते.

कुंभकोणमची आग

तमिळनाडूत समावेशनाचा मार्ग काही अंशी स्वयंपाकघरातून गेला. के. कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ मध्ये शाळांतील माध्यान्ह भोजनास चालना मिळाली. एम. जी. रामचंद्रन यांच्या कारकिर्दीत १ जुलै १९८२ पासून त्याचा मोठा विस्तार झाला. गरीब घरांतील मुले शाळेत येऊ लागली व टिकू लागली.

१६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधील एका खाजगी अनुदानित शाळेत याच भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली. झावळ्यांनी शाकारलेल्या छपरातून ती वरच्या मजल्यावरील वर्गांपर्यंत पोहोचली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा चालविल्या जात होत्या आणि बाहेर पडण्याचे मार्ग अपुरे होते.

या दुर्घटनेतून उद्भवलेल्या ‘अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अग्निशमन साधने आणि शिक्षकांचे सुरक्षाविषयक प्रशिक्षण यांबाबतही निर्देश देण्यात आले. असुरक्षित इमारतीत बसावे लागते ते सहसा पर्याय नसलेल्या कुटुंबांच्या मुलांना. त्यामुळे सुरक्षितता हाही समतेचाच निकष आहे.

येथे संघटनेचे महत्त्व वेगळ्या अंगाने लक्षात येते. इमारत धोक्याची आहे, पटावरील मुले आणि उपलब्ध खोल्या यांचा मेळ बसत नाही, हे शिक्षकाला रोज दिसते. परंतु ज्याची नोकरी व्यवस्थापनाच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो एकटा शिक्षक ते बोलून दाखविण्यास धजावेलच असे नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांना मनमानी कारवाईपासून संरक्षण देण्यासाठी तमिळनाडूत १९७३ मध्ये खाजगी शाळा नियमन कायदा झाला. पुढे त्याची जागा २०१८ च्या कायद्याने घेतली. महाराष्ट्रात १९७७ मध्ये खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम झाला. हे कायदे केवळ शिक्षकांच्या सोयीचे आहेत असे मानणे अपुरे ठरेल. सेवेची हमी असलेला शिक्षकच बालकाच्या वतीने निर्भयपणे बोलू शकतो. अर्थात अशी हमी मिळाल्यावर तो बोलतो की नाही, यावरच त्या हमीचे सामाजिक समर्थन अवलंबून राहते.

दोन संप, दोन मुद्दे

तमिळनाडूतील दोन संप या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहेत. जुलै २००३ मध्ये निवृत्तिवेतन व अन्य लाभांतील कपातीच्या विरोधात शासकीय कर्मचारी व शिक्षकांनी संप पुकारला. राज्य शासनाने दीड लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना सेवेतून काढून टाकले. ‘टी. के. रंगराजन विरुद्ध तमिळनाडू शासन’ या प्रकरणात ६ ऑगस्ट २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक अधिकार नसल्याचा निर्वाळा दिला. बहुसंख्य कर्मचारी माफी व हमीपत्रानंतर सेवेत परतले. संघटना स्थापन करण्याचा अनुच्छेद १९(१)(ग) अन्वये असलेला अधिकार आणि संपाचा अधिकार या दोन भिन्न बाबी आहेत, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.

जानेवारी २०१९ मध्ये शिक्षक व कर्मचारी संघटनांच्या संयुक्त कृती समितीने पुन्हा संप केला. जुनी निवृत्तिवेतन योजना ही प्रमुख मागणी होतीच. पण कमी पटाच्या प्राथमिक शाळांचे विलीनीकरण थांबवावे, हीही मागणी तीत होती. तिरुप्पनंदाळसारख्या ग्रामीण गटांत या मागणीचा अर्थ थेट आहे. वस्तीजवळची लहान शाळा बंद झाली तर लहान मुले, मुली व अपंग बालके यांच्या येण्याजाण्याचा प्रश्न सर्वप्रथम उभा राहतो. मात्र परीक्षा जवळ आलेल्या असताना सरकारी शाळांचे वर्ग बंद राहिले आणि खाजगी शाळा चालू राहिल्या. ज्या मुलांसाठी मागणी होती, संपाची झळही त्यांनाच बसली. अखेर मागण्या पदरात न पडताच संप मागे घेण्यात आला. मागणी समतेची असली तरी साधन समतेला पोषक असेलच असे नाही, हा या घटनेचा धडा होय.

महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्रात हाच प्रश्न डिसेंबर २०१७ मध्ये पुढे आला. १० पेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून तेथील विद्यार्थ्यांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय शासनाने घेतला. शिक्षक संघटनांनी व शिक्षणक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी त्यास विरोध केला. शासनाची बाजू अशी की, मोजक्या मुलांच्या शाळेत सहशिक्षण, खेळ व स्पर्धा यांचा अभाव राहतो. विरोधकांची बाजू अशी की, डोंगराळ व आदिवासी भागात नकाशावरील अंतर आणि पायवाटेचे अंतर एक नसते. शिक्षणाच्या हक्काच्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर ही मर्यादा याच कारणाने घातलेली आहे. येथे शिक्षकाचे पद व बालकाचा हक्क एकाच बाजूला उभे होते.

बदल्यांच्या प्रश्नात मात्र चित्र पालटते. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी ‘अवघड’ व ‘सर्वसाधारण’ असे क्षेत्रांचे वर्गीकरण करण्यात आले आणि बदल्या संगणकीय पद्धतीने करण्याचे ठरले. वर्षानुवर्षे दुर्गम भागात अडकलेल्या शिक्षकांना बाहेर पडण्याची संधी मिळावी व सोयीच्या गावी दीर्घकाळ राहिलेल्यांनीही दुर्गम भागात सेवा द्यावी, हा त्यामागील हेतू होता. त्या धोरणास अनेक संघटनांनी विरोध केला, तर अवघड क्षेत्रातील शिक्षकांनी त्याचे स्वागत केले. म्हणजे ‘शिक्षकांचे हित’ ही एकजिनसी गोष्ट नाही. संघटनेत बहुमत कोणाचे, यावर तिची भूमिका ठरते आणि दुर्गम पाड्यावरील मूल त्या बहुमतात कोठेच नसते.

तिसरे उदाहरण शिक्षणसेवकांचे. २००० पासून महाराष्ट्रात नवनियुक्त शिक्षकांना सुरुवातीची ३ वर्षे मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक स्तरावर हे मानधन दीर्घकाळ अत्यल्प होते. २०२३ मध्ये ते दरमहा १६,००० रुपये करण्यात आले. समान कामासाठी असमान वेतन हा शिक्षकांमधील विषमतेचा प्रश्न आहे. पण अस्थिर व अल्पवेतनी शिक्षक ज्या शाळांत अधिक, तेथील मुलांच्याही वाट्याला विषमता येते.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१(३)(ग) नुसार विधान परिषदेतील सुमारे एक-द्वादशांश सदस्य शिक्षक मतदारसंघातून निवडले जातात. महाराष्ट्रातील ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत अशा ७ जागा आहेत. तमिळनाडूत विधान परिषद १९८६ मध्ये संपुष्टात आली. मात्र या मतदारसंघात मताधिकार माध्यमिक स्तराखालील नसलेल्या संस्थांतील शिक्षकांनाच आहे. प्राथमिक शिक्षक, ज्याच्या वर्गात गरीब घरातील मूल प्रथम पाऊल टाकते, तो त्यातून वगळलेला आहे. संघटना ही त्याच्यासाठी सभागृहाबाहेरील प्रतिनिधित्वाची वाट ठरते.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हा विचार मान्य झालेला आहे. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी स्वीकारलेल्या युनेस्को व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या शिफारशीने शैक्षणिक धोरण ठरविताना शिक्षक संघटनांना सहभागी करून घ्यावे, असे म्हटले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९९४ पासून जागतिक शिक्षक दिन पाळला जातो. भारताच्या १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने व्यावसायिक सचोटी राखणे, शिक्षकाची प्रतिष्ठा वाढविणे आणि गैरवर्तनास आळा घालणे ही जबाबदारी संघटनांवर सोपविली. हक्क आणि आचारसंहिता यांची जोड हे त्या धोरणाचे सूत्र होते.

पुढील दिशा

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. जेथे शिक्षकाचे पद आणि बालकाचा हक्क एकाच तरतुदीत गुंफलेले असतात, तेथे संघटना समतेची स्वाभाविक पाठीराखी ठरते. जेथे शिक्षकाची सोय आणि बालकाची गरज यांत अंतर पडते, तेथे केवळ सदिच्छेवर विसंबून चालत नाही. दुर्गम भागातील सेवेसाठी निवास, प्रोत्साहन व ठरावीक काळानंतर बदलीची हमी दिल्यास हे अंतर कमी होऊ शकते. बदल्या, शाळांचे समायोजन व विशेष शिक्षकांची नेमणूक यांसारखे निर्णय घेण्यापूर्वी संघटनांशी सल्लामसलत झाली, तर संपाची वेळही कमी येईल.

संघटनांच्या बाजूनेही अपेक्षा आहेत. महिला, मानधनावरील व दुर्गम भागांतील शिक्षक यांना नेतृत्वात स्थान मिळणे, आंदोलनकाळात बुडालेले अध्यापन भरून काढणे, शाळांच्या सुरक्षिततेबाबत गटपातळीवर नियमित पाठपुरावा करणे या गोष्टी त्यांना शासनाच्या आदेशाशिवाय करता येतात. कुंभकोणमच्या आगीनंतर सुरक्षित शाळेचा हक्क न्यायालयाने मान्य केला. तो प्रत्येक वर्गखोलीत जपण्याचे काम रोज त्या खोलीत उभ्या असणाऱ्या शिक्षकाचे आणि त्याच्या पाठीशी उभ्या असणाऱ्या संघटनेचे आहे.