गाठ तिथेच, वाढ मात्र बंद

मेंदूतली गाठ न कापता किरणांनी रोखण्याची कल्पना कोणाची? स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ती मांडली. कवटी न उघडता अनेक दिशांनी बारीक किरणझोत सोडायचे. एकेकटा झोत वाटेतल्या पेशींना फारशी इजा करत नाही. सगळे एकत्र येतात तिथेच मात्रा जबर होते. १९६८ मध्ये स्टॉकहोमला सुरू झालेल्या पहिल्या ‘गॅमा नाइफ’ यंत्रात कोबाल्ट-६०चे १७९ किरणस्रोत होते. भारतात हे यंत्र १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयात आले.

कोणत्या गाठी? मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), पिट्युटरी ग्रंथीची गाठ आणि कानाच्या नसेवरचा श्वानोमा.

उपचाराच्या दिवशी कपाळाला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला भुलीची इंजेक्शने देऊन चार स्क्रूंनी धातूची चौकट बसवतात. तिच्यासकट एमआरआय होतो. मग न्यूरोसर्जन, रेडिएशनतज्ज्ञ आणि भौतिकतज्ज्ञ संगणकावर किरणांची आखणी करतात. श्वानोमाच्या कडेला साधारण १२ ते १३ ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा देतात. रुग्ण जागा असतो. किरण जाणवतही नाहीत. बहुतेक जण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

पुढे काय? पेशींच्या डीएनएला इजा होऊन गाठीची वाढ थांबते. श्वानोमात हे यश ९० टक्क्यांहून अधिक आहे. पहिल्या काही महिन्यांत गाठ सुजून मोठी दिसू शकते, त्यामुळे एका एमआरआयवरून उपचार फसला असे ठरवत नाहीत.

मर्यादा: श्वानोमा असलेल्या बाजूच्या कानाने ऐकू येणे हळूहळू कमी होऊ शकते. गाठ ३ सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा मेंदूच्या खोडाला दाबत असेल, तर सहसा शस्त्रक्रियाच करतात.