मतं मुलांची, पेटी ग्रंथपालांची

बालसाहित्याचे पुरस्कार बहुतेक मोठी माणसं ठरवतात. अमेरिकेतला नामांकित न्यूबेरी पुरस्कारही ग्रंथपालांचीच समिती देते.

पॅसिफिक नॉर्थवेस्ट लायब्ररी असोसिएशनने मात्र 1940 मध्ये निवाडा थेट मुलांवर सोपवला. कल्पना सिअ‍ॅटलमधले पुस्तकविक्रेते हॅरी हार्टमन यांची. ‘यंग रीडर्स चॉइस अवॉर्ड’ हा अमेरिका-कॅनडातला बालवाचकांच्या मतांवर दिला जाणारा सर्वांत जुना पुरस्कार. वॉशिंग्टन, आयडाहो, मॉन्टाना, अलास्का आणि सीमेपलीकडच्या ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टातली चौथी ते बारावीची मुलं मत देतात. अट एकच, पण चोख: आपल्या इयत्तेच्या गटासाठीच्या यादीतली किमान दोन पुस्तकं वाचलेली हवीत. (मोठ्यांच्या परीक्षक मंडळांनाही ती लावायला हरकत नाही!)

यादीत सुमारे तीन वर्षांपूर्वीची पुस्तकं असतात. तोवर जाहिरातींचा गाजावाजा ओसरलेला असतो आणि पुस्तकाच्या प्रती गावोगावच्या ग्रंथालयांत पोचलेल्या असतात.

1938 मध्ये आलेल्या ‘मिस्टर पॉपर्स पेंग्विन्स’चीच गोष्ट घ्या. घरं रंगवणाऱ्या साध्यासुध्या माणसाकडे अंटार्क्टिकाहून पेंग्विन येतो आणि घरात नुसता धुमाकूळ. रिचर्ड अ‍ॅटवॉटर यांनी लिहायला घेतलेलं हे पुस्तक त्यांच्या आजारपणामुळे पत्नी फ्लोरेन्स यांनी पूर्ण केलं. 1939 मध्ये न्यूबेरी मिळाला एलिझाबेथ एनराइट यांच्या ‘थिंबल समर’ला, पेंग्विनांची बोळवण सन्मानयादीवर झाली. 1941 मध्ये मुलांनी मतं दिली आणि पेंग्विन जिंकले.