चालू खाते निवडताना जाहिरात नव्हे, आपली वही पाहा

मालेगावचा यंत्रमागधारक असो, मिरजेचा सतार बनवणारा कारागीर असो की भेंडी बाजारातला अत्तरवाला, दुकानाचा गल्ला आता दोन ठिकाणी भरतो. काही रक्कम पेटीत पडते, काही मोबाईलवर जमा होते. यूपीआय 2016 साली सुरू झाले आणि काही वर्षांतच चहाच्या टपरीवरही क्यूआर कोडची पाटी लागली. त्यामुळे "ऑनलाइन व्यवहारासाठी कोणत्या बँकेचे चालू खाते चांगले?" हा प्रश्न व्यापारी बांधवांच्या बोलण्यात वारंवार येतो.

याचे एकच उत्तर नाही. एकाला सोयीचे असलेले खाते दुसऱ्याला महागात पडते. म्हणून बँकेच्या जाहिरातीआधी आपली वही उघडावी, हे बरे.

बचत खाते की चालू खाते?

अनेक छोटे दुकानदार विक्रीचे पैसे घरच्या बचत खात्यातच घेतात. यात दोन अडचणी आहेत. व्यापारी पेढीच्या नावाने बचत खाते उघडता येत नाही आणि वैयक्तिक बचत खात्यात रोजचा व्यापार दिसू लागला की बँक हरकत घेऊ शकते. दुसरे म्हणजे बचत खात्यात ठरावीक मुदतीने व्याज न मागता जमा होते.

चालू खात्यावर व्याज देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांच्यासाठी हा सरळ मार्ग होय. मात्र अर्ज भरताना डोळे उघडे ठेवावेत. काही चालू खात्यांना 'ऑटो स्वीप'ची सोय जोडलेली असते. ठरलेल्या मर्यादेवरची शिल्लक आपोआप मुदत ठेवीत जाते आणि तिच्यावर व्याज सुरू होते. तसेच ओव्हरड्राफ्टची सोय घेतली, तर वापरलेल्या रकमेवर आपल्याला व्याज भरावे लागते. या दोन्ही सोयी नको असतील तर अर्जावर तसे स्पष्ट लिहावे व त्याची पोच घ्यावी. पूर्वी जमा झालेल्या व्याजाचे काय करावे, हे उलेमांना विचारावे.

एका महिन्याचा हिशोब

मागच्या एका महिन्याचे व्यवहार कागदावर मांडा. रोख किती भरली, किती काढली, चेक किती दिले, ऑनलाइन रकमा किती आल्या व गेल्या, महिनाअखेर हातात किती उरले. मग बँकेचे दरपत्रक घेऊन शेजारी ठेवा.

समजा, एका बँकेत सरासरी 10,000 रुपये शिल्लक पुरते. महिन्याला 2 लाख रुपये रोख भरणे मोफत आहे आणि त्यापुढे हजारी 3 रुपये आकार आहे. आपण महिन्याला 5 लाख रोख भरता. म्हणजे 3 लाखांवर 900 रुपये, वर्षाचे 10,800. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 12,744 रुपये झाले. दुसऱ्या बँकेत 50,000 रुपये शिल्लक लागते, पण 6 लाखांपर्यंत रोख भरणे मोफत आहे. रोखीचा धंदा असणाऱ्याला दुसरे खाते स्वस्त पडेल. ज्याची बहुतेक विक्री यूपीआयवर होते, त्याने 40,000 रुपये जास्तीचे अडकवून ठेवण्याचे कारण नाही. तेवढ्यात माल येतो.

सरासरी शिल्लक म्हणजे रोज तेवढी रक्कम ठेवणे नव्हे. महिन्यातील रोजच्या अखेरच्या शिलकांची बेरीज करून तिला दिवसांनी भागतात. 30 दिवसांच्या महिन्यात सरासरी 25,000 हवी असेल, तर दीड लाख रुपये पाच दिवस राहिले तरी अट पूर्ण होते. सरासरी महिन्याची धरतात की तिमाहीची, एवढे विचारून घ्यावे.

आणखी एक फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. ऑनलाइन एनईएफटीचा आकार 1 जानेवारी 2020 पासून माफ झाला, तो बचत खातेदारांसाठी. चालू खात्यावर बँक आकार घेऊ शकते.

ऑनलाइन सोय कशी तपासावी?

एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. आरटीजीएसने किमान 2 लाख रुपये पाठवावे लागतात. सुताच्या व्यापाऱ्याला रविवारी पैसे पाठवायचे असतील, तर आपल्या खात्याची दिवसाची मर्यादा किती, हे महत्त्वाचे ठरते.

मुनीम किंवा मुलगा व्यवहार पाहत असेल, तर अशी सोय मागावी की त्याने व्यवहार भरावा आणि मंजुरी मालकाने द्यावी. आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे होय. मिरजेच्या कारागिराला परदेशी गिऱ्हाईक असेल, तर परकीय चलन स्वीकारण्याची सोय व त्याचा आकार आधी विचारावा. पैसे कशाबद्दल आले, हे बँकेला कळवावे लागते. म्हणून बिलाची प्रत जवळ असावी.

पैसा नेमका कोणाकडे आहे?

मोबाईलवरचे प्रत्येक ॲप म्हणजे बँक नव्हे. कित्येक कंपन्या फक्त खिडकी पुरवतात, ठेव दुसऱ्याच बँकेत असते. त्या बँकेचे नाव शोधून काढावे. पेमेंट्स बँकेत दिवसअखेर 2 लाखांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 15 मार्च 2024 नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या खात्यांत नवी रक्कम भरणे बंद झाले. ज्यांची सारी वसुली त्याच खात्यात येत होती, त्यांना दुसरे खाते शोधावे लागले.

सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. फेब्रुवारी 2020 पासून ठेवीचा विमा प्रत्येक बँकेमागे 5 लाखांचा आहे. मालक एकटाच असेल, तर त्याचे पेढीचे व घरचे खाते एकत्र धरूनच हे 5 लाख मोजतात. म्हणून सगळा पैसा एकाच बँकेत ठेवू नये.

वाईट दिवसाची तयारी

फसवणुकीचा पैसा फिरत फिरत एखाद्या गिऱ्हाइकाच्या यूपीआयमधून आपल्या खात्यात आला, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक आपले खाते गोठवू शकते. आपला काही दोष नसतानाही मजुरांचा आठवड्याचा पगार अडतो. अशा वेळी विक्रीचे बिल हाच आपला साक्षीदार असतो. अनोळखी माणसाकडून मोठी रक्कम आली, तर बिल त्याच दिवशी फाडावे.

खात्यातून पैसे चोरीला गेले तर ताबडतोब बँकेला कळवावे व 1930 क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार दोष बँकेचा नाही, आपलाही नाही आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान खातेदारावर पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा आपला.

कागदपत्रे

एकट्या मालकाच्या पेढीला पॅन, आधार यांसह पेढीच्या नावाचे साधारण दोन पुरावे लागतात. गुमास्ता लायसन्स, जीएसटी नोंदणी किंवा उद्यम प्रमाणपत्र चालते. उद्यम नोंदणी ऑनलाइन व मोफत आहे, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. नामनिर्देशन जरूर करावे. मात्र नॉमिनी हा मालक नसतो. त्याच्या हाती रक्कम अमानत म्हणून येते आणि वारसांचा हक्क कायम राहतो, हे घरात सर्वांना सांगून ठेवावे.

शेवटी एक सूचना. खाते उघडणे सोपे असते, बदलणे किचकट. क्यूआर कोडची पाटी, जीएसटीतील नोंद, गिऱ्हाइकांकडे दिलेला खाते क्रमांक, सारेच बदलावे लागते. म्हणून नवे खाते घेतल्यावर जुने तीन महिने चालू ठेवावे, दोन्हींच्या खर्चाचा मेळ घालावा आणि मगच जुने बंद करावे. पैशापैशाचा हिशोब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने बँकेच्या आकाराचाही हिशोब ठेवायला हवा.