वाडीतली भाजी की बाजारातली?

रेल्वेने भंडाऱ्याला येणारा प्रवासी ‘भंडारा रोड’ स्थानकावर उतरतो, तेव्हा तो प्रत्यक्षात वरठीत उतरलेला असतो. मोहाडी तालुक्यातल्या या गावात मुंबई-हावडा लोहमार्ग आहे, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे आणि भोवताली धानाच्या बांध्या आहेत. त्यामुळे इथे दोन तऱ्हेची स्वयंपाकघरे शेजारीशेजारी नांदतात. एका घरामागच्या वाडीत मुनगा, गोडनिंब, मांडवावर दोडका असतो. दुसऱ्या घरी पाळीची नोकरी, दोन-तीन खोल्या आणि बाजारातून भरून आणलेली पिशवी असते. या दुसऱ्या घरांच्या गच्चीवरही आता कुंड्या दिसू लागल्या आहेत. घरची भाजी औषधासारखी आणि बाजारातली विषासारखी, असे सर्रास बोलले जाते. दोन्ही विधाने अर्धीच खरी आहेत.

हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. ‘उमेद’ अभियानाने बचत गटांतल्या महिलांना पोषण परसबागा लावायला प्रोत्साहन दिले, शाळांच्या आवारात परसबागा आल्या, त्यामागे हेच कारण आहे. म्हणून परसबागेतून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

पोटाचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत. चार मोठ्या माणसांच्या घराला याप्रमाणे रोज १ किलो ६०० ग्रॅम, आठवड्याला ११ किलोच्या वर आणि वर्षाला साधारण ५८४ किलो भाजी लागेल. गच्चीवरच्या वीस कुंड्या किंवा घरामागची दहा बाय दहा फुटांची जागा ही गरज भागवू शकत नाही. त्यातून आपल्याकडचा मे महिना! पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कुंडीतली माती दुपारपर्यंत तापते, कोवळी पालेभाजी होरपळते आणि प्यायच्या पाण्यातून झाडांना किती द्यायचे, असा पेच पडतो.

धान्य, डाळ, तेल, कांदे आणि बटाटे यांना जागा भरपूर लागते. ही पिके शेतातच स्वस्त पिकतात आणि टिकतातही. त्यासाठी कुंडी अडवण्यात अर्थ नाही. आपले शेतकरी धानाच्या धुऱ्यावर तूर लावतात. वरणाची सोय तिथे होते, गच्चीवर नाही. तेव्हा घरच्या जागेत सगळी भाजी पिकवण्याचा अट्टहास सोडून, बाजारापेक्षा आपण काय चांगले पिकवू शकतो ते पाहावे.

ताजेपणाचा फायदा

तोडलेली भाजी जिवंतच असते. ती श्वसन करते, पाणी गमावते आणि त्यासोबत तिच्यातले ‘क’ जीवनसत्त्वही घटत जाते. रुंद, पातळ पानांत ही घट वेगाने होते आणि उन्हाळ्यात आणखी वेगाने. सकाळी तोडलेला पालक दिवसभर हातगाडीवर उन्हात राहिला, तर रात्री कढईत पडेपर्यंत त्यातले बरेचसे ‘क’ जीवनसत्त्व गेलेले असते. फोलेटही उष्णतेने आणि उकळलेले पाणी फेकून दिल्याने कमी होते.

लोह आणि कॅल्शियम ही मात्र खनिजे आहेत. पान सुकले म्हणून ती उडून जात नाहीत. दुधी, कोहळे, बटाटा यांच्या बाबतीतही तोडणीनंतरच्या दोन दिवसांनी फारसे बिघडत नाही. ताजेपणाचा खरा लाभ मिळतो तो पालेभाज्या, सांभार, हिरवी मिरची आणि लिंबू यांत. या चार गोष्टी थोड्या लागतात, पण रोज लागतात. सांभाराची जुडी आणावी, चार काड्या वापराव्यात आणि उरलेली दोन दिवसांनी काळी पडून फेकावी, हे घरोघरी चालते. ही नासाडी एका वाफ्याने थांबते.

मुनग्याची पाने आणि रक्त

परसबागेबद्दल सर्वांत मोठी अपेक्षा असते ती रक्तवाढीची. मुनग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत साधारण साडेचार मिलिग्रॅम लोह असते, पालकात तीनच्या आसपास. म्हणजे मुनगा पालकापेक्षा नक्कीच सरस आहे. पण हिशेब पुढे न्यावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवे. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम पानांची भाजी खाल्ली, तर त्यातून सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळेल. ही गरजेच्या दहाव्या भागापेक्षाही कमी मात्रा झाली. शिवाय वनस्पतीतले लोह शरीर फार थोड्या प्रमाणात शोषते.

हे शोषण आपण वाढवू शकतो. भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा असला, तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे अधिक लोह आत जाते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की उलटे घडते. चहातली द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. जेवण आणि चहा यांत किमान तासभराचे अंतर ठेवावे. आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली तर कढईतले थोडे लोहही अन्नात उतरते. म्हणूनच मुनग्याच्या शेजारी लिंबाचे झाड असलेली वाडी नुसत्या मुनग्याच्या वाडीपेक्षा आरोग्याला अधिक उपयोगी ठरते.

बांगलादेशात १९९० च्या सुमारास घरगुती भाजीबागांचे मोठे काम सुरू झाले आणि पुढे इतर देशांतही त्याचा अभ्यास झाला. बाग असलेल्या घरांत भाज्या अधिक खाल्ल्या जातात, ‘अ’ जीवनसत्त्व देणाऱ्या भाज्या ताटात वाढतात, हे पुन्हापुन्हा दिसले. रक्तातले हिमोग्लोबिन मात्र प्रत्येक वेळी वाढलेले आढळले नाही. आहाराची माहिती आणि परसातल्या कोंबड्या यांची जोड मिळाली, तिथे परिणाम अधिक चांगले दिसले. त्यात नवल नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिन असते आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्वही असते. हे जीवनसत्त्व कुठल्याही पालेभाजीत मिळत नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गरोदरपणात रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी दिली जाते. तिची जागा भाजी घेऊ शकत नाही. ‘घरचा मुनगा खाते, गोळी कशाला?’ हा विचार घातक आहे. दुसरी गोष्ट पूर्व विदर्भासाठी विशेष महत्त्वाची. इथे सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलमुळे होणारा रक्तक्षय वेगळा असतो, तो लोहाच्या कमतरतेतूनच आलेला असतो असे नाही. त्यामुळे थकवा, धाप, फिकटपणा दिसला तर मनाने लोहाचे औषध सुरू करू नये. आधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.

फवारणीची भीती

बाजारातल्या भाजीवरच्या कीटकनाशकांची धास्ती निराधार नाही. वांग्याचेच पाहा. शेंडे आणि फळे पोखरणारी अळी इतकी चिवट की शेतकऱ्याला पुन्हापुन्हा फवारावे लागते. याच अळीवर उपाय म्हणून बीटी वांगे आले. त्यावर नागपूरसह देशभर जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली.

पण ही अळी गच्चीवरचे वांगेही सोडत नाही. फरक एवढाच, की एकरभर वांगी असलेल्या शेतकऱ्याला प्रत्येक झाड रोज तपासता येत नाही आणि चार झाडे असलेल्याला येते. सुकलेला शेंडा दिसताच अळीसकट तोडून नष्ट केला आणि किडके फळ झाडावर राहू दिले नाही, तर बरेच काम फवाऱ्याविना होते. मावा, तुडतुडे यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, पुरेसे ठरते. याउलट कृषी केंद्रातून बाटली आणून अंदाजाने फवारणारे आणि दुसऱ्याच दिवशी भाजी तोडणारे घरमालकही असतात. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, हे त्या बाटलीवर छापलेले असते. ते पाळले नाही, तर घरची भाजी बाजारातल्यापेक्षा अधिक विषारी ठरू शकते.

विकतची भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली की पृष्ठभागावरचा अंश बराच कमी होतो. झाडात मुरणारी कीटकनाशके मात्र धुऊन जात नाहीत. म्हणून एकच भाजी सतत न खाता आलटून-पालटून भाज्या घेणे, हा साधा पण चांगला बचाव आहे.

मातीची चौकशी

घरची भाजी म्हटली की आपण बियाणे आणि खत यांचा विचार करतो, मातीचा करत नाही. शेतातली माती आणि घराभोवतालची माती यांचा इतिहास वेगळा असतो. घराभोवती जुन्या रंगाचे पोपडे पडलेले असतात, कचरा जाळलेला असतो, बांधकामाचा भराव असतो, कुठे जुनी बॅटरी फुटलेली असते. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसे बरेच अधिक असू शकते. शिसे मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते.

मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन अशा १२ घटकांची नोंद असते. शिसे आणि कॅडमियम त्यात नसतात. म्हणजे ही पत्रिका ‘उत्तम’ असली, तरी त्यातून या धातूंबद्दल काहीच कळत नाही. गाव कुठलेही असो, रहदारीच्या रस्त्यालगत, गॅरेजजवळ किंवा जुन्या भिंतीच्या पायथ्याशी थेट जमिनीत पालेभाजी आणि कंद लावू नयेत. मुळे आणि पाने यांत धातूंचा अंश आणि धूळ अधिक येते, वांगी, शेंगा, टोमॅटो यांत तुलनेने कमी. शंका असेल तिथे शेतातली माती आणि चांगले कुजलेले शेणखत आणून उंच वाफा करावा.

दुसरा धोका जंतांचा आहे. आकडीचा जंत मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतो आणि आतड्यात रक्त शोषतो. रक्तवाढीसाठी लावलेल्या बागेतूनच रक्तक्षय जडावा, असे होऊ नये. बागेत चप्पल घालावी, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, मुलांना जंतनाशक गोळी वेळेवर द्यावी. नालीचे पाणी कुठल्याही भाजीला घालू नये, कच्च्या खायच्या भाजीला तर नाहीच. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून कोरडे करावे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

खर्च आणि निसर्ग

घरची भाजी पर्यावरणाला नेहमीच हलकी असते, असेही नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोप आणि अमेरिकेतल्या ७३ शहरी बागा आणि शेतांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या भाजी-फळांच्या एका वाढपामागे पारंपरिक शेतीच्या सरासरी सहापट कर्बभार निघाला. मुख्य कारण होते वाफे, छपऱ्या, वाटा अशा बांधकामाच्या साहित्याचे, जे काही वर्षांतच टाकून दिले जाते. आपल्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. नव्या कुंड्या, रंगीत स्टँड आणि विकतचे कोकोपीट यांवर हजारो रुपये घालून पहिल्या वर्षी चार किलो टोमॅटो काढणे पैशालाही परवडत नाही आणि निसर्गालाही. फुटके घमेले, स्वयंपाकघरातला ओला कचरा, वाळलेला पाला यांतून उभी राहिलेली आणि दहा वर्षे टिकलेली बाग दोन्हीकडे फायद्याची.

काय लावावे, काय घ्यावे

जागा अगदी थोडी असेल तर सांभार, मिरची, गोडनिंब आणि एक वाफा पालेभाजी पुरे. लालभाजी, मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. चार छोटे वाफे करून दर आठवड्याला एक पेरला, तर महिनाभराने दर आठवड्याला एक वाफा तयार होतो. अंगण असेल तर मुनगा आणि लिंबू लावावे. मुनगा दरवर्षी छाटून डोक्याएवढा ठेवला की पाने हाताशी येतात. मांडव असेल तर पावसाळ्यात दोडका, वाल, चवळीच्या शेंगा. उन्हाळ्यात बाग आवरती घ्यावी आणि तेव्हा निःसंकोच बाजारात जावे. कांदे, बटाटे, डाळ, कोहळे, कोबी विकतच बरे.

सुरुवात करण्यापूर्वी दोन कामे करावीत. घरात किती पालेभाजी आली आणि किती फेकली गेली, ते आठवडाभर लिहून ठेवावे, म्हणजे किती वाफे लागतील ते कळेल. आणि घरातल्या स्त्रियांचे हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते १२ पेक्षा आणि गरोदर स्त्रीचे ११ पेक्षा कमी असेल, तर बियाणे आणण्याआधी डॉक्टरांना भेटावे. बाग त्यानंतरही लावता येते आणि उपचारांसोबत तिचा उपयोगही होतो.